वंध्यत्व आणि गरोदरपणातल्या चाचण्या: ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणजे नेमकं काय सिद्ध?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, दोन वर्षं प्रयत्न चालू, मध्ये एकदा दिवस गेले आणि आठव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. आता हातात चाचण्यांची यादी आहे. एएमएच, शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी, थायरॉइड अँटिबॉडी, रक्त गोठण्याच्या दोषांच्या तपासण्या. आयव्हीएफ करायचं ठरलं तर गर्भाशयाच्या अस्तराची ‘रिसेप्टिव्हिटी’ चाचणी आणि भ्रूणाची गुणसूत्र चाचणी. आणि पुन्हा दिवस गेले तर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचे दोष हेरणारी चाचणी. प्रत्येकीपुढे ‘संशोधनाने सिद्ध’ लिहिलंय. तुम्ही विचारता, सिद्ध म्हणजे काय आणि यातलं खरंच करायचं काय.

‘सिद्ध’ हे तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल म्हटलं जातं आणि घोळ तिथेच होतो. मशीन जे मोजायचं ते बरोबर मोजतं, हे एक. मोजलेला आकडा आजाराशी जुळतो, हे दुसरं. आणि ती चाचणी करून, तिच्या निकालाप्रमाणे उपचार केल्यावर जास्त बायकांच्या कुशीत बाळ येतं किंवा आई-बाळ जास्त सुखरूप राहतात, हे तिसरं. माहितीपत्रकातला ‘९९ टक्के अचूक’ हा आकडा बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकारचा असतो. तुम्हाला हवं असतं तिसरं. ते तपासायचं तर एकच रस्ता आहे: चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एका गटात चाचणी करायची, दुसऱ्यात करायची नाही, आणि शेवटी बाळं मोजायची.

असं मोजल्यावर काय होतं याचं एक जुनं उदाहरण देते. संबंधांनंतर काही तासांनी गर्भाशयमुखाचा स्राव घेऊन त्यात हलणारे शुक्राणू दिसतात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धत होती. कित्येक दशकं वंध्यत्वाच्या तपासणीची सुरुवातच तिथून व्हायची. १९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ४४४ जोडप्यांचे दोन गट केले, एका गटात ही चाचणी केली, दुसऱ्यात टाळली. चाचणी केलेल्यांना उपचार जास्त मिळाले. दोन वर्षांनी गर्भधारणेचं प्रमाण एका गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ४८. ही चाचणी हळूहळू मागे पडली. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: फायदा शून्य असतानाही तिने उपचार वाढवले. रिपोर्टमध्ये काही ‘निघालं’ की डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही हात बांधून बसवत नाही.

आता तुमची यादी.

एएमएच म्हणजे अंडाशयातल्या छोट्या बीजकोशांनी सोडलेलं हार्मोन. आयव्हीएफची इंजेक्शनं दिल्यावर किती स्त्रीबीजं मिळतील, डोस किती ठेवायचा, अंडाशय अति फुगण्याचा धोका आहे का, याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. तिथे ही चाचणी कामाची आहे. पण ‘एएमएच कमी, म्हणजे दिवस जाणं अवघड’ हा जो निष्कर्ष काढतात, त्याला आधार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या ७५० स्त्रिया होत्या. ज्यांचं एएमएच मिलिलिटरला ०.७ नॅनोग्रॅमच्या खाली होतं, त्यांनाही बाकीच्यांइतक्याच वेगाने दिवस गेले. एका महिन्यात एकच बीज लागतं. कोठारात किती शिल्लक आहेत याने त्या महिन्यापुरता फारसा फरक पडत नाही. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो आणि एएमएच तो सांगत नाही. हा अभ्यास वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांवरचा आहे, त्यामुळे तुम्हाला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी एएमएच कमी आलं म्हणून रात्रीची झोप घालवू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा आकडा कमी येतो आणि वेगवेगळ्या किटवर थोडा वेगळा येतो, हेही माहीत असू द्या.

वीर्य तपासणीचंही असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी आहे. ही कुठून आली? ज्यांच्या बायकांना बारा महिन्यांच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यांतले सगळ्यात खालचे ५ टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे वर्षाच्या आत बाप होऊ घातलेल्या शंभर जणांपैकी पाच जण रेघेच्या खालीच होते. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट थोडा खाली आला तर ‘दोष सापडला’ असं म्हणण्याआधी दुसरा नमुना द्यायला सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मधल्या तापाचा परिणामही रिपोर्टवर दिसू शकतो. शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी पहिल्याच फेरीत करू नये, असं अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनांचं मत आहे आणि माझंही तेच आहे. वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार होतो.

गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे त्यांत द्रव सोडून एक्स-रेवर पाहण्याची चाचणी, एचएसजी, तुमच्या यादीत दिसत नाही. याचं नवल वाटलं, कारण दोन वर्षांनंतर ती हवीच. तिची गंमत वेगळी आहे. ही अशी चाचणी, जी करता करताच थोडा उपचार होतो. २०१७ च्या एका अभ्यासात १,११९ बायकांपैकी निम्म्यांच्या एचएसजीत तेलाचा द्रव वापरला, निम्म्यांत पाण्याचा. पुढच्या सहा महिन्यांत दिवस जाऊन तेलाच्या गटातल्या ३८.८ टक्के बायकांना बाळ झालं, पाण्याच्या गटातल्या २८.१ टक्के बायकांना. नळ्या धुतल्या जातात म्हणून की आणखी कशाने, कारण पक्कं सांगता येत नाही. पण दहा टक्क्यांचा फरक म्हणजे या क्षेत्रात खूप झाला. तेलाचा द्रव सगळ्यांना चालतो असं नाही, थायरॉइडचा त्रास असेल तर आधी बोला, कारण त्यात आयोडीन भरपूर असतं.

थायरॉइडबद्दल: टीएसएच ही थायरॉइडच्या कामाची रक्तचाचणी जरूर करा, कमी काम करणारं थायरॉइड सुधारणं सोपं आहे. अँटिबॉडीची, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार करतं त्या प्रथिनांची, गोष्ट वेगळी. टीएसएच नॉर्मल पण अँटिबॉडी पॉझिटिव्ह, आणि आधी गर्भपात किंवा वंध्यत्व, अशा ९५२ बायकांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन (थायरॉइडचं हार्मोन) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. २०१९ मध्ये निकाल आला: बाळ झालं ३७.४ टक्क्यांना आणि ३७.९ टक्क्यांना. अँटिबॉडी सापडतात, गर्भपाताशी त्यांचा संबंधही दिसतो, पण सापडल्यावर दिलेल्या गोळीने काही बदललं नाही. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांचंही हेच झालं. असे दोष आणि वारंवार गर्भपात असलेल्या ३२६ बायकांवरच्या अभ्यासात रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं घेतलेल्या गटात सुमारे ७२ टक्के आणि न घेतलेल्या गटात सुमारे ७१ टक्के बाळंतपणं झाली. रोज पोटात सुई टोचून घेणाऱ्या बाईला हा एक टक्का दाखवायला हवा. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी हा मात्र निराळा विषय आहे. वारंवार गर्भपात झाले तर त्या तपासायच्या आणि त्यावर उपचारही आहेत. तुमचा एकच गर्भपात झालाय. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बहुधा त्या एका बीजापुरती असते.

त्या आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की ‘घाईत तर ठरवलं नाही ना’. ही शंका खूप जणींच्या मनात असते, म्हणून इथे जरा थांबते. चाचण्यांवरच्या संशोधनाने प्रत्यक्ष कामाची पद्धत बदलली, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पूर्वी गर्भपिशवी १६ किंवा २० मिलिमीटरची झाली आणि आत गर्भ दिसला नाही, किंवा गर्भ ५-६ मिलिमीटरचा असून ठोके दिसले नाहीत, की गर्भ वाढत नाही असं ठरायचं. हे आकडे थोड्याशा बायकांवरच्या जुन्या अभ्यासांतून आले होते. २०११ मध्ये लंडनमधल्या गटाने हजाराहून जास्त अनिश्चित गर्भधारणा पुढे काय होतात ते पाहिलं. १६ मिलिमीटरच्या रेघेने निकाल दिला असता तर टिकणाऱ्या गर्भांपैकी ४.४ टक्क्यांना मृत ठरवलं गेलं असतं. २० च्या रेघेने ०.५ टक्क्यांना. अर्धा टक्का कमी वाटतो, पण यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक जिवंत गर्भ आणि त्यावर दिलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. त्यात माणसाच्या हाताचा फरक. सोनोग्राफीत पडद्यावर दोन फुल्या ठेवून अंतर मोजतात; एकाला २० मिलिमीटर दिसलेली पिशवी दुसऱ्याला १७ च्या आत किंवा २४ च्या वर दिसू शकते. हा फरक जमेस धरून रेघ वर सरकवली: पिशवी २५ मिलिमीटर, गर्भ ७ मिलिमीटर. त्याच्या खाली असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा पाहायचं. थांबण्याने तो आठवडा नरकासारखा जातो हे मान्य. पण उलटी चूक परत फिरवता येत नाही. तुमच्या रिपोर्टवर गर्भाची लांबी लिहिलेली असेल. ती ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नव्हते, किंवा आधी ठोके दिसले होते आणि नंतर थांबले, तर निदानात घाई झालेली नाही.

आयव्हीएफमधल्या दोन चाचण्यांवर माझं मत स्पष्ट आहे.

अस्तराची रिसेप्टिव्हिटी चाचणी ऐकायला फार पटते: प्रत्येकीच्या अस्तराची ‘खिडकी’ वेगळ्या वेळी उघडते, अस्तराचा तुकडा घेऊन जनुकं पाहायची आणि भ्रूण सोडायची वेळ तेवढी पुढेमागे करायची. २०२२ साली ७६७ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात रिपोर्टप्रमाणे वेळ बदलली, दुसऱ्यात सगळ्यांना नेहमीच्या वेळी भ्रूण सोडलं. बाळ झालं ५८.५ आणि ६१.९ टक्क्यांना; जास्त आकडा नेहमीच्या वेळेचा आहे. फरक योगायोगाइतकाच, पण फायदा तर नाहीच. ही चाचणी करू नका.

भ्रूणाची गुणसूत्र चाचणी, पीजीटी-ए, जास्त गुंतागुंतीची. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणात शंभर-दीडशे पेशी असतात. आतला गोळा पुढे बाळ होतो, बाहेरचा थर वार होतो. तपासणीला पाच ते दहा पेशी घेतात त्या या बाहेरच्या थरातून, लेसरने कड सैल करून, बारीक काचनळीने ओढून. म्हणजे बाळाच्या पेशींना हात न लावता वारेच्या पेशींवरून बाळाबद्दल अंदाज करायचा. शिवाय भ्रूणात काही पेशी बरोबर आणि काही चुकलेल्या अशी सरमिसळ असू शकते. २०१५ मध्ये असे १८ सरमिसळ भ्रूण मुद्दाम सोडले, त्यातून ६ निरोगी बाळं झाली. ही भ्रूणं एरवी टाकून दिली गेली असती.

या चाचणीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. जुन्या तंत्राने, तिसऱ्या दिवशी एक पेशी काढून ती करत असत, तेव्हा २००७ साली ३५ ते ४१ वयाच्या ४०८ बायकांवरच्या अभ्यासात चाचणी केलेल्यांपैकी २४ टक्क्यांना बाळं झाली. चाचणी न केलेल्यांत ३५ टक्क्यांना. फायदा सोडाच, नुकसान झालं, आणि तोवर जगभर ती वर्षानुवर्षं होत होती. नवं तंत्र पुष्कळ बरं आहे. तरी २०२१ मध्ये १,२१२ तरुण स्त्रियांवर, निदान तीन चांगले भ्रूण असलेल्यांवर, ती केली तेव्हा वर्षभरात बाळ झालं ७७.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या पद्धतीत ८१.८ टक्क्यांना. गर्भपात मात्र चाचणीच्या गटात कमी झाले, ८.७ विरुद्ध १२.६ टक्के. मुळात ही चाचणी भ्रूण सुधारत नाही, असलेल्यांतून निवडते. सगळे भ्रूण एकेक करून सोडले तर चांगला भ्रूण केव्हातरी रुजणारच. चाचणीने तो लवकर हाती लागू शकतो, किंवा चुकून टाकला जाऊ शकतो. अडतिशीच्या पुढे, भ्रूण भरपूर असतील आणि आणखी एक गर्भपात सोसवणार नसेल, तर ती करण्यात अर्थ असू शकतो. नवरा-बायकोपैकी एकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल आहे असं कळलेलं असेल, तर त्यासाठीची चाचणी वेगळी आणि तिचं कारणही पक्कं. ३४ व्या वर्षी, एका गर्भपातानंतर, मी स्वतःहून सुचवणार नाही.

दिवस गेल्यानंतरच्या चाचण्यांत सगळंच निराशाजनक नाही. गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या आजाराची शंका असताना वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर पाहतात. ते ३८ किंवा कमी असेल तर पुढचा आठवडाभर हा आजार होणार नाही असं ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने सांगता येतं. जास्त असेल तर मात्र तेवढ्या खात्रीने ‘होणारच’ म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या ११ प्रसूती विभागांत त्यातल्या एका प्रथिनाचा निकाल डॉक्टरांना दाखवायला सुरुवात केली, तर निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईचे गंभीर त्रास कमी झाले. पुढे आयर्लंडमधल्या तशाच अभ्यासात मात्र फरक दिसला नाही. पहिल्या तिमाहीत धोका हेरून रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिल्यावर मुदतीआधी होणारा हा आजार ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला, हे मात्र भक्कम आहे. चाचणी आणि उपाय यांची जोडी जमली की असं होतं.

साखरेच्या चाचणीत प्रश्न रेघ कुठे मारायची हाच आहे. २००८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळाचा धोका चढत जातो, मध्ये कुठेही पायरी लागत नाही. मग रेघ माणसांनीच ठरवली. २०२२ मध्ये न्यूझीलंडने दोन रेघा समोरासमोर ठेवून पाहिल्या: खालची रेघ घेतली तर १५.३ टक्के बायका मधुमेही ठरल्या, वरची घेतली तर ६.१ टक्के, पण वजनदार बाळांचं प्रमाण ८.८ आणि ८.९ टक्के, म्हणजे सारखंच. तेव्हा काठावरचा आकडा आला तर घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांनी सांगितलेली साखरेची नोंद टाळूही नका.

राहिली एनआयपीटी. आईच्या रक्तात फिरणारे गर्भाच्या डीएनएचे तुकडे १९९७ मध्ये सापडले आणि २०११ पासून ही चाचणी मिळू लागली. दहाव्या आठवड्यानंतर साधं रक्त घ्यायचं. डाउन सिंड्रोम (२१ वं गुणसूत्र एक जास्त असण्याचा विकार) असलेले ९९ टक्के गर्भ ती हेरते आणि निरोगी गर्भांपैकी हजारात एखाद्यालाच चुकून पॉझिटिव्ह ठरवते. ही उत्तम कामगिरी आहे. आता हिशेब करू.

ज्या वयात हजारात एका गर्भाला डाउन सिंड्रोम असतो, अशा एक लाख बायका घ्या. बाधित गर्भ १००, त्यातले ९९ सापडले. उरलेल्या ९९,९०० पैकी हजारात एक या दराने सुमारे १०० जणी चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे २०० जणींपैकी निम्म्यांचं बाळ निरोगी आहे. आता ज्या वयात शंभरात एक प्रमाण असतं तिथे जा: १,००० बाधित, ९९० सापडले, चुकून पॉझिटिव्ह ९९. इथे दहापैकी नऊ खरे. चाचणी तीच, मशीन तेच, आणि ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ निम्म्यावरून नव्वद टक्क्यांवर गेला. दहा हजारांत एक अशा दुर्मीळ विकारासाठी याच अचूकतेची चाचणी केली तर ११० पॉझिटिव्हमध्ये खरे जेमतेम १०. गुणसूत्राचे बारीक तुकडे गहाळ असण्याच्या चाचण्या जोडून विकतात, त्यांचं बऱ्याचदा हे होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. प्रत्यक्षातला अनुभवही या हिशेबाशी जुळतो: २०१५ च्या अभ्यासात जवळजवळ १६ हजार गर्भधारणांत डाउन सिंड्रोमचे ३८ पैकी ३८ गर्भ सापडले, आणि पॉझिटिव्ह आलेल्या पाचपैकी चार खरे निघाले. जुन्या पद्धतीच्या चाळणीत शंभरातले तीन-चार. तुमच्या वयाचं प्रमाण हजारात एक आणि शंभरात एक यांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

निगेटिव्ह आली तर निश्चिंत व्हा, डाउन सिंड्रोमपुरतं. सोनोग्राफीत दिसणारे हृदयाचे किंवा मणक्याचे दोष ती पाहत नाही. ‘निकाल नाही’ असं आलं तर ते वाया गेलेलं रक्त समजू नका. गर्भाच्या डीएनएचं प्रमाण फार कमी असलं की असं होतं, आईचं वजन जास्त असेल तर अधिक वेळा, पण काही वेळा त्यामागे गुणसूत्रांचा दोषही असतो. त्यामुळे पुढचा सल्ला घ्यायलाच हवा.

आणि पॉझिटिव्ह आली तर फक्त त्या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. रक्तात सापडणारा ‘गर्भाचा’ डीएनए खरं तर वारेचा असतो, आणि कधीकधी दोष वारेपुरताच असतो, बाळ ठीक असतं. म्हणून खात्री करायची. अकराव्या आठवड्यापासून वारेचा तुकडा काढून तपासता येतो, पण सोनोग्राफीत सगळं नीट दिसत असेल तर मी पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढण्याकडे झुकते, कारण त्यात बाळाच्या स्वतःच्या पेशी मिळतात आणि वारेचा घोळ पुन्हा आड येत नाही. गर्भजल काढल्याने गर्भपात होण्याचा धोका पूर्वी शंभरात एक सांगत. अलीकडच्या अभ्यासांत वाढीव धोका अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. सोनोग्राफीतच मोठा दोष दिसत असेल तर मात्र चार आठवडे वाट पाहण्यात हशील नाही, तेव्हा वारेचीच तपासणी करून घ्या.